लोणी फेसायचं कसं

लग्न चार-पाच दिवसांवर आलं तेव्हा लोधिवलीहून निरोप आला. निरोप आणणारा माणूस ओटीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "धोंडूबाईंनी सांगितलंय, पोरीला आय नाय, तवा रुखवताचं काय मनावर घेऊ नका. चार लाडू-करंज्या आमीच घरून आणतो आन् मांडून ठिवतो. लोकांना काय कळतंय!"

धोंडूबाई म्हणजे माझ्या बायजाची होणारी सासू. तिनं हे मायेनं म्हटलं की टोमणा मारला, ते मला तेव्हा कळलं नाही. रुखवत नवरीच्या आईच्या हातचं असतं. मांडवात लाडू, करंज्या, पापड, कुरडया मांडून ठेवतात आणि नवऱ्याकडच्या बाया ते बघायला येतात. बघायला म्हणजे नावं ठेवायलाच. नावं ठेवू देत, त्याचं काही नाही, ती रीतच आहे. पण त्यांनीच आणायचं, त्यांनीच मांडायचं आणि माझ्या पोरीनं खाली मान घालून बसायचं, हे मला सहन झालं नाही.

मी म्हणालो, "विहीणबाईंना सांगा, रुखवत आमच्याच घरचं असंल. आन् त्यात बायजाच्या आयची नानकटाई असंल."

माणूस गेला. आपण काय बोलून बसलो, ते मला तो गेल्यावर कळलं. बायजाची आई, माझी सोनाबाई, श्रावणात तापानं गेली होती. घरातलं माणूस गेलं तर लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून आम्ही माघातला मुहूर्त धरला होता.

आमच्या म्हशी होत्या. सोनाबाई लोण्याची टोपली डोक्यावर घेऊन कडावाहून कर्जतला चालत जायची आणि स्टेशनजवळच्या दाऊदभाईंच्या बेकरीत लोणी द्यायची. तिथं बसून बसून ती नानकटाई शिकली. अख्ख्या कडावात नानकटाई करणारी ती एकटीच. दिवाळीच्या आधी अंगणात पाय पसरून बसायची, परात मांडीशी धरायची आणि तळहातानं लोणी फेसायची. मी गोठ्यात असायचो. फट् फट् असा आवाज यायचा आणि मधूनच तिचं मांजरावर ओरडणं. मग ती बेकरीत जाऊन भाजून आणायची. बारकी, गोल, वर चारोळीचा दाणा. तोंडात टाकली की विरघळायची. कशी करते हे मी कधी विचारलं नव्हतं. ती करत होती, मी खात होतो.

बायजाला तिनं लोण्याला हात लावू दिला नव्हता. म्हणायची, "तुजा हात गरम हाय गं, लोणी पघळतं." आणि आता तर बायजा नवरी होती. नवरीनं स्वतःचं रुखवत स्वतः केलं असं लोधिवलीत कळलं असतं, तर तिला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

लाडू, करंज्या, पापड शेजारच्या इंदूवैनींनी आणि आळीतल्या बायांनी वाटून घेतले. नानकटाई माझ्याकडे आली. तोंडानं मीच मागून घेतली होती.

ते शेहेचाळीस साल होतं. लढाई संपली होती, पण रेशन संपलं नव्हतं. साखर कार्डावर मिळेल तेवढीच. सोनाबाई वर्षभर आम्हाला गुळाचा चहा पाजत होती आणि साखर बायजाच्या लग्नासाठी बरणीत भरत होती. बरणीला फडकं बांधून ती फळीवर ठेवलेली होती. श्रावणापासून तिला कुणी हात लावला नव्हता. त्या दिवशी मी ती खाली काढली.

दुसऱ्या दिवशी लोणी घेऊन मी दाऊदभाईंकडे गेलो. लोण्याच्या बदल्यात त्यांनी मैदा दिला. सोनाबाईचं नाव निघालं तेव्हा त्यांनी हाताचं पीठ झटकलं आणि मला समोर बसवलं. मग म्हणाले, "हिरामणभाऊ, नीट ऐका. लोणी आधी मऊ करा. पातळ नाय करायचं, मऊ. मग साखर घालून तळहातानं फेसा. हात दुखंस्तोवर फेसा. मग त्यातलं बोटभर पाण्यात टाका. बुडलं तर आणखी फेसा. तरंगलं का झालं. मग मैदा घाला. पाव निघाले की भट्टी उतरते, तवा घेऊन या. नानकटाईला उतरती भट्टीच लागते."

मी वाटेनं ते पाठ करत आलो. कर्जत ते कडाव वाट काही थोडी नाही. वाटेत दोन ठिकाणी लोकांनी लग्नाची चौकशी केली, एका ठिकाणी सोनाबाईची आठवण काढली. घरी पोचलो तेव्हा डोक्यात असं होतं: मऊ करा, फेसा, तरंगवा, साखर घाला, मैदा घाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी लोणी माठातून काढलं. माघातली थंडी. लोणी रात्रभर गार पाण्यात होतं, ते नदीतल्या गोट्यासारखं झालेलं. बोट दाबलं तर बोट मागं आलं.

"उन्हात ठिवा," इंदूवैनी कुडापलीकडून म्हणाल्या.

ऊन अजून डोंगराच्या पलीकडं होतं. आमच्याकडं ते खाली उतरायला वेळ लागतो. मी लोण्याचं पातेलं घोंगडीत गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि ओटीवर बसून राहिलो. वाटलं, अंगाच्या उबेनं होईल मऊ.

इंदूवैनींचे मालक पोपटदादा बैल घेऊन चालले होते. ते थांबले. "काय रं हिरामण, अंडी उबवतोस काय?"

"लोणी मऊ करतोय."

"लोणी?" त्यांनी बैलांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "पिल्लं निगाली का एक मला दे."

इंदूवैनी आतून ओरडल्या, "जा तुमी वावराकडं! त्या माणसाला काम करू द्या!"

घोंगडी उघडून बघितलं. लोणी जसंच्या तसं, माझ्याच मांड्या मात्र गार पडल्या होत्या. मग पातेलं चुलीच्या कडेला ठेवलं. चुलीकडची बाजू विरघळायला लागली आणि दुसरी बाजू तशीच घट्ट. मी पातेलं फिरवलं, तर ती बाजू विरघळली. असं फिरवता फिरवता निम्मं लोणी पातळ झालं आणि मधे एक गाठ उरली. तीही मी बोटांनी चेपून मोडली. परातीत ओतलं. हातानं फेसायला लागलो. लोणी तळहाताखालून पळायला लागलं, दही नीट न लागलेल्या दुधासारखं. सोनाबाईच्या परातीतून यायचा तसा आवाज काही येईना.

मी तांब्यात पाणी घेतलं आणि त्यात थोडं लोणी टाकलं.

टाकल्याबरोबर तरंगलं.

"तरंगलं!" मी ओरडलो. "वैनी, तरंगलं!"

इंदूवैनी धावत आल्या, तांब्यात डोकावल्या. "अगं बाई, तरंगलं की! पहिल्याच झटक्याला!"

"सोनाबाई उगीच दुपारपर्यंत फेसत बसायची," मी म्हणालो. मला फार बरं वाटलं. मी बरणीचं फडकं सोडलं आणि साखर ओतली, सगळी. वेलदोडे कुटून घातले. मैदा घातला.

बायजा आतल्या दारात उभी राहून बघत होती. "आबा, फेसलं ना?"

"तरंगलं गं, तरंगलं!"

"तरंगलं," ती म्हणाली. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण तिनं विचारलं नाही. हळद लागायची होती, बाया तिला हाका मारत होत्या.

गोळा जरा सैल वाटला. मैदा संपला होता. म्हटलं, लोण्याचं आहे, सैलच असणार. बारके बारके गोल केले, वर चारोळी दाबली, केळीच्या पानावर मांडले आणि टोपली उचलून कर्जतला निघालो. वाटेत भेटेल त्याला सांगत होतो, नानकटाई आहे, बायजाच्या रुखवताची.

दाऊदभाईंचे पाव निघाले होते. त्यांनी माझे गोळे एका मोठ्या पत्र्यावर अंतर सोडून मांडले. दोन-तीन गोळे बोटांनी चाचपले, माझ्याकडं बघितलं, पण पत्रा भट्टीत सारला. मी पिठाच्या पोत्यावर बसलो. वास सुटला. तोच वास. सोनाबाई घरी आली की तिच्या लुगड्याला यायचा, तो.

दाऊदभाईंनी दार उघडून आत बघितलं आणि बंद केलं. परत उघडून बघितलं.

"हिरामणभाऊ," ते म्हणाले, "फेसलं किती?"

"का वो?"

"या, बघा."

पत्र्यावर एकही गोल उरला नव्हता. सगळे गोळे पसरून एकमेकांत शिरले होते आणि पत्राभर एकच नानकटाई झाली होती. काठापासून काठापर्यंत. वर माझ्या चारोळ्या ओळीनं उभ्या, वावरात रोपं लावल्यासारख्या.

"पण तरंगलं होतं," मी म्हणालो. "टाकल्याबरोबर तरंगलं."

"साखर घालून टाकलं होतं? साखरेनं लोणी जड होतं, फेसल्याबिगर तरंगत नाय."

"नाय, साखर नंतर. आधी नुसतं लोणी टाकून बघितलं."

दाऊदभाईंनी हातातला लांब दांड्याचा फळा भिंतीला टेकवला. "हिरामणभाऊ, तुमी म्हशीवाले ना?"

"व्हय."

"रोज ताक घुसळता?"

"रोज."

"लोणी कुटं येतं?"

"वर येतं. ताकावर…" आणि मी थांबलो.

"कवा खाली बसलेलं बघितलंय?"

जन्मापासून मी ताकावर लोणी तरंगताना बघतोय. माझ्या बापानं बघितलं, आज्यानं बघितलं. आणि मी तांब्यात लोणी तरंगलं म्हणून आळीभर ओरडलो होतो! मला हसू आलं. आधी आवरायचा प्रयत्न केला, मग आवरलं नाही. दाऊदभाई पण हसायला लागले. त्यांचे कामगार पाव मोजायचे सोडून बघायला आले आणि काय झालं ते न कळताच हसायला लागले. मी पोत्यावर बसून डोळे पुसत हसत होतो. श्रावणानंतर मी पहिल्यांदाच असा हसलो.

"सोनाबाईला कळलं असतं तर?" दाऊदभाई म्हणाले.

"मला गावात राहू दिलं नसतं तिनं."

मग हसू ओसरलं. पत्रा समोर होता. साखर संपली होती आणि रेशनवर आता महिनाभर मिळायची नव्हती. उद्या लग्न. विहिणीला मी शब्द दिला होता.

दाऊदभाई म्हणाले, "गार झाल्याबिगर हलवू नका, तुटंल. पत्र्यासकट न्या. पत्रा नंतर आणून द्या."

मी चुंबळ केली आणि पत्रा डोक्यावर घेतला. दहिवलीत एकानं विचारलं, "काय हिरामण, मांडवाला पत्रं आणलंस?" मी हो म्हटलं. काय सांगणार! चालताना एकच विचार होता, बायजाला काय सांगायचं. पत्रा डोक्यावर असल्यामुळं मान खाली घालता येत नव्हती, म्हणून ताठ मानेनं चाललो होतो.

अंगणात बाया हळदीच्या हातांनी बसल्या होत्या. बायजा मधे, पिवळीधमक. मी पत्रा तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. लोणी, तांब्या, साखर, काही लपवलं नाही.

बायजा पत्र्याकडं बघत राहिली. तिची हनुवटी हलायला लागली. मला वाटलं, झालं, आता रडणार.

"आबा," ती म्हणाली, "नुसतं लोणी टाकलं? पाण्यात? आन् बुडतंय का बघत बसला?" आणि ती जी हसत सुटली, ती हळदीचे हात तोंडावर घेऊन, नाकावर हळद, डोळ्यांत हळद, मग डोळे झोंबले म्हणून ओरडत आणि तरी हसत. बाया तिच्या अंगावर पडून हसत होत्या.

इंदूवैनी मात्र पत्र्याभोवती फिरून बघत होत्या. "रुखवतात सुपाएवढा पापड मांडतात का नाय?"

"मांडतात," बाया म्हणाल्या.

"नारळाएवढा लाडू?"

"मांडतात."

"मंग ही का नको? एवढी मोटी नानकटाई तालुक्यात कुणी बघितलीय का?"

मी म्हणालो, "वैनी, ते हसतील."

"हसू द्या की! हसायलाच येत्यात."

मी बायजाकडं बघितलं. बसायचं तिला होतं, ऐकायचं तिला होतं. बायजा म्हणाली, "हीच मांडायची. मधोमध."

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्यावर धोंडूबाई आपल्या बाया घेऊन रुखवताकडे आली. ठसठशीत बाई, आवाज मोठा. मागच्या बाईच्या काखेत झाकलेली टोपली होती. म्हणजे लाडू तिनं आणलेच होते. मी मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिलो.

इंदूवैनींनी रुखवतावरचं लुगडं ओढलं. लाडू, करंज्या, पापड, कुरडया आणि मधे पत्राभर नानकटाई.

लोधिवलीच्या बाया वाकून बघायला लागल्या. मग एकजण म्हणाली, "ह्ये काय, भिताड हाय का?"

"मांडव सारवायला ठिवलंय वाटतं," दुसरी म्हणाली.

इंदूवैनी याचीच वाट बघत होत्या. त्यांनी पदर खोचला आणि मोठ्यानं म्हटलं,

"लोधिवलीच्या विहिणीचं तोंड केवढं?
आमच्या कडावच्या नानकटाईएवढं!"

आमच्या बाया ओरडल्या. त्यांच्या बाया पण तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. धोंडूबाई हसली नाही. तिनं पत्र्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"व्याहीबुवा, निरोप तर आयच्या नानकटाईचा होता. केली कुणी ही?"

मी खांब सोडून पुढं आलो.

"मी," मी म्हणालो. "मला लोणी फेसता आलं नाय. सगळी एकात एक गेली. पण साखर तिची हाय. तिनंच जमवलेली, बायजासाठी."

धोंडूबाई खाली वाकली. कोपऱ्यातला एक तुकडा मोडला. कट् असा आवाज झाला. तिनं तो तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली.

"खरपूस झालीय," ती म्हणाली. मग बायजाकडं वळली. "तुज्या आयची पण अशीच असायची का गं?"

"आयची बारकी असायची," बायजा म्हणाली. "तोंडात इरघळायची."

"आन् ही?"

"ही आबांची. ही चावावी लागते."

आता धोंडूबाई हसली. चांगली पोट धरून हसली. टोपलीवाल्या बाईला तिनं हातानं मागं हो म्हणून खुणावलं आणि ती बाई टोपली घेऊन गाड्यांकडं गेली. आमच्यातल्या एकीनं नानकटाई वाटायला कोयता आणला, तर धोंडूबाईनं तिचा हात धरला.

"खबरदार कुणी हात लावला तर! ही अशीच्या अशी लोधिवलीला जायची. गडीमाणसानं लेकीच्या रुखवताला नानकटाई केली, असं नुसतं सांगून आमच्या गावात कोण इस्वास ठेवंल? त्यांना दावायला पायजे."

"पत्रा बेकरीवाल्याचा हाय," मी म्हणालो.

"पत्रा पोरीला माहेरी आणू तवा देऊ. पळून नाय जात आमी पत्रा घेऊन."

मुलीला गाडीत बसवायची वेळ झाली. मी त्या वेळेला सकाळपासून भीत होतो. आई नाही, गळ्यात पडून रडायला मीच. बायजा माझ्या पाया पडली, माझ्या छातीशी आली आणि रडायला लागली. मीही रडलो. मग तिला गाडीत बसवली, आणि धोंडूबाईनं पत्रा तिच्या मांडीवर ठेवला. "दोनी हातांनी धर. सासरच्या दारात पोचंपर्यंत सोडायचा नाय."

बायजानं दोन्ही हातांनी पत्रा धरला. डोळे पुसायला हात उरला नाही. पाणी गालावरून खाली यायला लागलं, तशी धोंडूबाई म्हणाली, "अगं, तोंड तिकडं कर! नानकटाई भिजंल!"

बायजानं तोंड बाहेर काढलं, माझ्याकडं बघितलं आणि रडता रडता फिसकन हसली.

गाडी हलली. मी वेशीपर्यंत चालत गेलो. गाडी वळणावर गेली तरी धोंडूबाईचा आवाज येत होता. ती गाडीवानाला सांगत होती, "हळू हाक रं नवशा! तो खड्डा बघ… म्होरला बघ! नवरी पडली तरी चालंल, पण ही मोडली तर बघ तुला!"